उलट्या पत्रांचा उकिरडा

"तिसावी ओळ," ब्रॉन्विन म्हणाली. "नवं पत्र यादीत सगळ्यांत खाली. ठेवायची?"

"ठेव. मी काय तुझ्यासारखा पेपर शेवटच्या पानापासून वाचतो?"

सकाळपासून हेच चाललं होतं; डेसच्या मेलच्या नियमांची जुनी फाईल ब्रॉन्विन ओळीओळीने वाचत होती आणि कुठला नियम ठेवायचा, कुठला काढायचा ते विचारत होती. सहा महिन्यांपूर्वी डेसची नजर गेली. कडेकडेचं थोडं दिसे, पण समोरचं अक्षर काही केल्या लागत नसे. आता कॉम्प्युटरनेच त्याला मेल मोठ्याने वाचून दाखवाव्यात, अशी सोय ब्रॉन्विन करून देत होती. होबार्टच्या बंदर-कचेरीत दोघांनी शेजारच्या टेबलांवर तीस वर्षं काढलेली, त्याचे नखरे तिला तोंडपाठ होते. मेलचा प्रोग्रॅमही त्याचा जुन्या वळणाचा. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, चित्र नाही, माऊस नाही, सगळा कारभार बोटांवर. लोक हसायचे. आता बोलणाऱ्या कॉम्प्युटरला तोच सगळ्यांत सोपा पडला.

"डी दाबलं की पत्र खोडलं जातं. दोनदा दाबायला लावू?"

"बावीस वर्षांत एक पत्र चुकून खोडलेलं नाही."

"तेव्हा दिसत होतं तुला."

"बरं, लाव दोनदा," डेस पुटपुटला.

त्याने फार वर्षांपूर्वी भरती-ओहोटीचं गणित करणारा एक प्रोग्रॅम लिहिला आणि फुकट वाटला. पॅसिफिकमधली कितीतरी छोटी बंदरं त्याच्या भरवशावर होड्या सोडत. तो सांभाळणारी दहा-बारा माणसं बेटाबेटांवर पसरलेली, आणि त्यांचं सगळं बोलणं एका मेलिंग लिस्टवर; तिथे लिहिलेलं पत्र लिहिणाऱ्यासकट सगळ्यांना पोचे. तिथे शेवटचा शब्द डेसचा. नजर गेल्यावर दोन महिन्यांनी लिस्टवर विचारणा आली, की डेस थांबणार असेल तर त्याची जागा दुसऱ्या कुणाला द्यायची का? बायकोने, नोलाने, ते पत्र त्याला वाचून दाखवलं. त्याने उत्तर दिलं नाही. त्यानंतर लिस्टवर त्याच्याविषयी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

"दिली असेल कुणाला तरी," तो म्हणाला. "बावीस वर्षं, ब्रॉन! आणि साधं 'कसा आहेस' म्हणून विचारायला एक माणूस नाही."

"मग हे सगळं कशासाठी लावून घेतोयस?"

डेसला दुखलं होतं ते हेच, आणि तिला ते कळत होतं.

"चाळिसावी," तिने पुढे वाचलं. "ज्या पत्रात उत्तर वरती लिहिलंय, ते परस्पर 'उकिरडा' नावाच्या खणात. हे काय रे?"

"तो नियम ठेवायचाच."

लिस्टचा रिवाज कडक होता. आधी समोरच्याचं वाक्य घ्यायचं, मग त्याच्याखाली आपलं उत्तर. वर उत्तर खरडणाऱ्या नवख्याची न्यूझीलंडच्या ब्लफ बंदरातला फर्गस अशी हजेरी घ्यायचा, की तो गडी पुन्हा तोंड दाखवत नसे. डेस त्याच्याही वरताण. त्याने असली उलटी पत्रं डोळ्यांसमोर येण्याचीच सोय ठेवली नव्हती.

"तुंबलाय का ते तरी बघते," म्हणत ब्रॉन्विनने खण उघडला.

"उकिरडा," कॉम्प्युटर सपाट आवाजात म्हणाला. "न वाचलेली पत्रं दहा. पहिलं. पाठवणारा, डेस."

"मी?"

चहाचा ट्रे घेऊन आलेली नोला दारातच थांबली.

कॉम्प्युटर वाचत राहिला. "मी नोला, डेसची बायको. त्याचे डोळे गेलेत, डोकं नाही. त्याची जागा कुणाला देऊ नका. तो येईल." मग त्याखाली लिस्टची ती जुनी विचारणा.

"उत्तर वर लिहिलंस?" डेसच्या तोंडून एवढंच निघालं.

"मला काय ठाऊक तुमचं खालचं-वरचं!" नोलाने ट्रे आपटला. "तू चिडशील म्हणून सांगितलं नाही. आणि कुणाचं उत्तरही आलं नाही, मग कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

ती रोज त्याला समोरच्या खणातलं टपाल वाचून दाखवी. मागे आणखी एक खण आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

ब्रॉन्विनने दुसरं पत्र उघडलं. फर्गसचं होतं.

"नोला, त्याची खुर्ची रिकामी आहे आणि रिकामीच राहील. तो लिहील तेव्हा लिहील. तोवर त्याला कुणी छेडायचं नाही, अशी मी सगळ्यांना तंबी दिली आहे."

"हे कुठे लिहिलंय त्याने?" डेसने विचारलं.

"वर. नोलाने लिहिलंय तसंच."

"फर्गसने? वर?"

"बाकीच्या आठांनीही," ब्रॉन्विन यादी चाळत म्हणाली. "एकानेही खाली लिहिलेलं नाही."

चार महिने डेस ज्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होता, त्यांची पत्रं त्याच्याच हुकमाने उकिरड्यात पडून होती. लाजही वाटली आणि रडूही आलं. दोन्ही त्याने नाक शिंकरून उरकलं.

"चाळिसावी ओळ ठेवू की..."

"काढ."

त्याने कीबोर्ड पुढे ओढला आणि फर्गसला उत्तर लिहायला घेतलं. कर्सर नेहमीप्रमाणे तळाशी जाऊन बसला होता. डेस त्याला एकेक ओळ वर नेऊ लागला, आणि कॉम्प्युटर वाटेतली प्रत्येक ओळ वाचू लागला. आधी विचारणा, मग नोला, मग फर्गस. सगळ्यांत वर कोरी ओळ आली, तिथे तो थांबला.

"आता तूही?" नोला म्हणाली.

"बोलू नकोस, चुकेल."

त्याने सावकाश टाइप केलं, आणि कॉम्प्युटरने एकेक शब्द मागून म्हणून दाखवला.

"नोला म्हणाली होती. आलो."