उरलेली ओळ

धाकट्या लेकीचं, रोहिणीचं लग्न ठरलं, त्या वर्षी आमच्या गाडीतला एअरबॅगचा दिवा विझेना झाला. यजमान घरीच दोष शोधायला बसले. मी साठीत वाचायला शिकलेली. गाडीचं पुस्तक बोट ठेवून वाचू लागले.

“बॅटरीची वायर काढा. दहा मिनिटं थांबा. मग सीटखालचा पिवळा प्लग तपासा.”

“थांबतो, मास्तरीणबाई. तेवढ्यात तुमची एक ओळ तरी होईल.”

प्लग घट्ट करून वायर जोडली, तरी दिवा तसाच. “उरलेलं आल्यावर वाच,” ते म्हणाले, “पहिली पत्रिका कुलदैवताला ठेवून येतो.”

ते गाडी घेऊन गेल्यावर मी पुढची ओळ वाचली. दिवा विझला नाही तर अपघातात एअरबॅग उघडणार नाही, गाडी चालवू नका.

माझे यजमान केरबा सुतार त्याच दुपारी, मार्गशीर्ष शुद्ध दशमीला, घाटात गाडी आदळून वारले.