दाराची पारख

दवाखान्याच्या दाराला माणसांची भारी पारख होती. वरच्या कॅमेऱ्यातून चेहरा ओळखून, धंदा, पत्ता बघून सिफिलिसची जोखीम कुणाला आहे ते दारच ठरवायचं, आणि उघडायच्या मुठीत, म्हणजे हँडलमध्ये, लपवलेली सुई फक्त त्यांनाच टोचायची. तमाशात नाचणाऱ्या यमुनाबाई खोकल्याच्या औषधाला आल्या तरी आधी रक्त.

"आमचं रक्त पिऊन याला एव्हाना ढोलकी वाजवता यायला हवी होती," रांगेत त्या पुटपुटल्या.

पुढे साखर कारखान्याचे संचालक भाऊसाहेब आणि त्यांच्या गरोदर पत्नी मृणालताई होत्या. मृणालताईंनी मूठ धरली. सुई आलीच नाही.

"माझंही तपासा ना. आधीची दोन बाळं पोटातच गेली."

"घरंदाज व्यक्तींना गरज नाही, वहिनीसाहेब," दार अदबीनं म्हणालं.

"चल, उगाच शोभा नको," म्हणत भाऊसाहेब आत गेलेसुद्धा.

यमुनाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ताई, धरा मूठ. तोंड माझं, बोट तुमचं."

सुई टोचली. दार खेकसलं, "यमुना जावळे, सिफिलिस!"

भाऊसाहेब गर्रकन वळले. "तरी मी म्हणत होतो! असल्या बायकांना गावात थाराच देऊ नये."

मृणालताईंचा हात पोटावर गेला. "अहो, ते रक्त माझं आहे."

भाऊसाहेब एक पाऊल मागे सरले.

"इंजेक्शन घेतलं तर हे बाळ वाचेल. मी घेतेच. आता तुम्ही या इकडे, मूठ धरा."

यमुनाबाई कॅमेऱ्यासमोरून हलल्याच नव्हत्या.