लाल स्वेटर

अमेरिकेतल्या ड्युलुथच्या वृद्धाश्रमात नाताळला घरी बनवलेल्या विद्रूप स्वेटरांची स्पर्धा होती. तिथे राहणाऱ्या आईने वॉरनला नावाने हाक मारून कित्येक महिने लोटले होते. आपलं ध्यान बघून तरी ती हसेल, काहीतरी बोलेल, एवढ्या एका आशेवर तो जुन्या कपड्यांच्या दुकानात गेला. आईचं घर रिकामं करताना तिथल्या कपड्यांची पोती त्याने इथेच आणून टाकली होती.

त्याने एक ढगळ हिरवा स्वेटर उचलला, आणि लहान मुलाचा एक लाल. लाल स्वेटर कापून हिरव्यावर सांताचं पोट शिवलं, आत फाटके मोजे कोंबले, वर घुंगरं टाचली.

तो आत शिरताच नर्स खो खो हसत सुटली. "वॉरन, पहिलं बक्षीस तुमचंच हो!"

आई मात्र हसली नाही. ती जवळ आली. लाल पोटावरून फिरणारी तिची बोटं कोपऱ्यातल्या एका रफूवर थांबली.

"हा माझ्या वॉरनचा स्वेटर आहे! मी विणलाय!"

वॉरन चपापला. त्याने तो ओळखलाच नव्हता. पण आईच्या तोंडून आपलं नाव ऐकून त्याचे डोळे भरून आले. "आई, अगं मीच तुझा वॉरन..."

आईने त्याची गचांडी धरली.



"कापलास कशाला रे मेल्या? माझं पोर आत्ता शाळेतून येईल, बाहेर एवढा बर्फ पडतोय, त्याला काय घालू मी?"