पुढची डोलकाठी

“मीच मोडली,” यासेंका म्हणाली. “पुसताना हात लागला.”

बाल्दोने चष्मा काढून टेबलावर ठेवला. याच वाक्यासाठी तो तीन दिवस थांबला होता. तीन दिवस सुनेशी अवाक्षर बोलला नव्हता. तिने समोर ठेवलेलं सूप त्याने तसंच गार होऊ दिलं होतं. आता तिची पिशवी दाराशी भरलेली होती. सकाळच्या बसने ती माहेरी जाणार होती, मक्याच्या शेतांच्या मुलखात. तिचा नवरा लूका जहाजावर, जगाच्या दुसऱ्या टोकाला. फोनवर त्याने विनवलं होतं, घे ना कबूल करून, बाबांना तेवढंच हवं असतं.

“बघ,” बाल्दो म्हणाला, “एवढंच हवं होतं मला. लाकडाचं काय, लाकूड चिकटतं.”

त्याने घरच्या गोड वाइनचे दोन पेले भरले, सुकी अंजिरं काढली. पिशवी आत ठेव म्हणाला. तिने ती हातभर आत सरकवली.

टेबलावर बाल्दोने हाताने बनवलेलं छोटं लाकडी जहाज उभं होतं, दोन डोलकाठ्यांचं. पुढची मधोमध मोडून आपल्याच दोऱ्यांत लटकलेली. मागची शाबूत. सप्टेंबरात बुरा, उत्तरेचा कोरडा वारा, सुटला, हवा कोरडी खणखणीत झाली, तेव्हा बाल्दोने सगळे लिननचे धागे ओढून बसवले होते. बोट लावलं की वाजत. आता आठवडाभर यूगो वाहत होता, दक्षिणेचा दमट वारा. भिंती पाझरत होत्या. मीठ डबीत दगड होऊन बसलं होतं.

माफ केल्यावर बाल्दोला बोलायला हुरूप आला. ओरेबिच गावच्या कॅफेत शंभरदा सांगितलेली गोष्ट त्याने पुन्हा काढली. शिकाऊ असताना तो शिडाच्या जहाजावर होता. पावसाचा पहिला थेंब पडला की मुकादम शिव्या घालत धावत यायचा, दोर सैल सोडा रे गाढवांनो. भिजला की दोर आखडतो. एकदा पोरं झोपून राहिली, तर दोराने लोखंडी कडी लाकडातून उपटून काढली. तो हसला. यासेंकाही थोडी हसली.

मग त्याने तिला काचेच्या कपाटाकडे नेलं. आतल्या प्रत्येक जहाजाच्या डोलकाठीला कुठेतरी जोड होता, वर काळा धागा गुंडाळलेला. पाहुण्यांना तो हे जोड मुद्दाम दाखवी.

“सगळी तुझ्या सासूची, आमच्या ओर्साची कृपा. देव तिला शांती देवो, हात कसले, नांगर होते.”

हे, तिने पडदे धुवायला काढले आणि ते आठवडाभर वाळेनात तेव्हाचं.

हे, सगळे भर पावसात कबरींवर फुलं ठेवायला गेले होते, ती एकटी घरी होती तेव्हाचं.

हे, ऑलिव्हची तोडणी पावसाने थांबली होती तेव्हाचं.

यासेंकाने विचारलं, सगळी अशा दमट दिवसांतच का. असणारच, तो म्हणाला. यूगो सुटला की बायका घरात कोंडल्या जातात आणि दिसेल ते पुसत सुटतात.

“पण मी तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. नुसता गप्प बसायचो. कबूल केलं की संपलं. शेवटी शेवटी तर ती—”

टक्.

वाळलेली शेंग फुटावी एवढाच आवाज. मागची डोलकाठी पुढे कलली, क्षणभर थबकली आणि पडली.

टेबलाजवळ कोणी नव्हतं. खिडकी बंद होती. बाल्दो चालत गेला, एका धाग्याला बोट लावलं. धागा ओलसर होता आणि दगडासारखा ताठ.

मुकादमाची हाक त्याला पाठ होती. सगळ्या गावाला त्याने ती ऐकवली होती.

त्याने मोडक्या जहाजाकडे पुन्हा पाहिलं नाही. कपाटाकडे पाहिलं. जोड. जोड. त्या खालच्या कप्प्यात आणखी एक जोड. त्याचे कान तापले. पेला अजून हातात होता, तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

यासेंका दाराशी गेली. पिशवीच्या पट्ट्यावर तिचा हात होता. तिने पिशवी उचलली नाही, सोडलीही नाही. तीही कपाटाकडेच बघत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “त्यांना किती दिवस लागायचे? कबूल करायला?”

तिच्याकडे बघायचा त्याला धीर होईना.

“आधी आधी आठवडा लागायचा,” तो म्हणाला. “शेवटी शेवटी ती दारातच उभी असायची. मी कोट काढायच्या आत म्हणायची, मीच.”