आईच्या खोलीतला थर्मोस्टॅट

आई गेल्यावर बाबांनी जुनं घर विकलं आणि ते इन्व्हरनेसला माझ्याकडे राहायला आले. बर्फ पडायला लागला तसं त्यांचं एकच पालुपद सुरू झालं.

"कॅट्रिओना, थर्मोस्टॅट पार शेवटपर्यंत फिरवला, तरी खोलीतला रेडिएटर गारच! हीटिंगवाल्याला बोलाव."

"काही बिघडलेलं नाही, बाबा. तुमच्या मनाचे खेळ आहेत. स्वेटर घाला."

"अगं, दोन घातलेत!"

"मग तिसरा घाला. या वयात थंडी वाजायचीच."

आज मात्र ते इरेला पेटले. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्यांनी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचं झाकण काढलं आणि घर डोक्यावर घेतलं.

"कॅट्रिओना! याच्या वायरी कापल्यात कुणीतरी! इतके दिवस मी उगाच बटण फिरवत बसलोय!"

मी शांतपणे चहा संपवला आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"नीट बघा, बाबा. हा जुन्या घरातल्या आईच्या खोलीतला आहे. तीसुद्धा शेवटच्या दिवसापर्यंत हेच बटण फिरवत होती. तिने हीटिंग वाढवू नये म्हणून वायरी तुम्हीच कापल्यात. मी फक्त भिंत बदलली."