वाईट बातमीची परीक्षा

घशात नळी घालताना ज्याचा हात कधी कापला नाही, त्या आयसीयूतल्या शिकाऊ डॉक्टरची वाईट बातमी सांगताना मात्र बोबडी वळायची. म्हणून सरांनी परीक्षाच ठेवली. रुग्णाचा मुलगा म्हणून एक नट यायचा होता.

दार उघडून एक गृहस्थ आले. डॉक्टरने त्यांना बसवलं, पाणी दिलं. "काका, व्हेंटिलेटर लावला, पण फुप्फुसांनी साथ दिली नाही. तुमचे वडील गेले."

काका ढसाढसा रडले. काय तो अभिनय! सरांनी खूश होऊन मान डोलावली.

तेवढ्यात एकजण धापा टाकत आत शिरला. "सॉरी सर, उशीर झाला. मुलाचं काम माझं आहे."

डॉक्टर पुरता गोंधळला. "मग काका, तुम्ही?"

"मी एसी दुरुस्तीवाला," काका डोळे पुसत म्हणाले. "वडील मागच्या वर्षी इथेच गेले. तेव्हा 'बसा'सुद्धा कोणी म्हणालं नव्हतं."