पहिल्या ओळीतलं श्री

“हे ‘श्री’ कुणी लिहिलं?” वीरेश सरांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

दीपमालाच्या तोंडचं पाणी पळालं. क्लासवाल्यांचे पेपर मशीनवर तपासून देणारं त्यांचं ऑफिस, आणि सराव परीक्षेची ती उत्तरयादी. एका ओळीला एक उत्तर. कुणीतरी भक्तिभावानं सगळ्यात वर ‘श्री’ टाकलं आणि अख्खी यादी एक ओळ खाली सरकली. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. मशीनला काय कळतंय? त्यानं लातूरच्या एका क्लासची सहाशे पोरं एका फटक्यात नापास करून टाकली.

काल यादी तपासली होती दीपमालानं. आणि वहीच्या पानापानावर ‘श्री’ घालायची खोडही तिचीच, सगळ्या ऑफिसला ठाऊक. आपण लिहिलं नाही, असं तिला छातीठोक सांगता येईना. मेली हाताची सवय, ती डोक्याला थोडीच विचारते! तिकडं गावी, चाकूरला, मामानं दोन स्थळं आणून ठेवलेली. नोकरी गेली की पोरगी बोहल्यावर, हे घरात ठरलेलं होतं.

“सर, माझ्याच हातून झालं असंल,” ती पुटपुटली.

“मग उद्यापासून येऊ नका,” सर म्हणाले.

“थांबा जरा,” कॉम्प्युटर बघणारे खाजाभाई म्हणाले. त्यांनी फायलींची यादी काढली. उत्तरयादीच्या ओळीत अक्षरं होती: rw-r--r--. दीपमालाला ती रोज दिसायची. मशीनची काहीतरी बडबड समजून ती सोडून द्यायची.

“तीन-तीनचे गट हायेत. पहिले तीन मालकाचे, मधले ऑफिसवाल्यांचे, शेवटचे बाकी दुनियेचे. आर म्हंजी वाचायची मुभा, डब्ल्यू म्हंजी लिव्हायची. रेघ हाय तिथं मनाई. ताई मधल्या गटात. त्यांना निस्ता आर हाय. श्री लांबच, साधं टिंब बी टाकता येत न्हाई त्यांना.”

दीपमालाचा जीव भांड्यात पडला. आपण केलं नाही, हे तिला स्वतःलाही आत्ताच कळलं होतं.

“मग मालक कोण?” सरांचा आवाज चढला.

खाजाभाईंनी स्क्रीन सरांकडं वळवली. नाव अक्षरांच्या शेजारीच होतं. सरांनी चष्मा पुसून ते वाचलं, परत वाचलं.

“सकाळी चाळिसावं उत्तर दुरुस्त केलं मी,” ते हळू आवाजात म्हणाले. “कामाला बसताना आधी…”

दीपमालापुढं त्यांनी स्वतः पाण्याचा ग्लास ठेवला.

“खाजाभाई, निकाल मागाहून लावू. आधी माझा डब्ल्यू काढून टाका.”